मार्गदर्शन नको, भाषणच करा

आमच्या इकडे विदर्भात गावात कोणताही कार्यक्रम असो, कृषी मेळावा, शाळेचं स्नेहसंमेलन, पांदण रस्त्याचं भूमिपूजन, बचत गटाचा मेळावा, नाहीतर सरळ कोणाच्या घरचं लग्न, त्याच्या पत्रिकेत "भाषण" हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. शोधून पहा. उद्घाटक असतात, अध्यक्ष असतात, प्रमुख अतिथी, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती (या दोन उपस्थितींमधला फरक पत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्यालाही सांगता येत नाही), स्वागताध्यक्ष, आणि मग जाड अक्षरात "प्रमुख मार्गदर्शक". दिवसभर माईकवर जे चालते ते सगळं भाषणच असते, पण कागदावर त्याचं नाव मार्गदर्शन, मनोगत, हितगुज, संवाद, प्रबोधन, संबोधन, आशीर्वचन, काय वाट्टेल ते. फक्त भाषण नाही.

माझं म्हणणं असं की हे काही सभ्यपणाचं लक्षण नाही. भाषण हा शब्द आपण लपवून राहिलो, कारण तो बदनाम झाला, आणि बदनाम झाला त्याला शब्द जबाबदार नाही, माईक हातात घेणारे जबाबदार आहेत. नाव बदलून ते सुधारणार नाहीत. उलट मार्गदर्शन म्हटल्यानं खाली बसलेल्या माणसाचं नुकसानच होते. ते कसं ते पुढं सांगतो.

आधी घरात हा शब्द कसा वापरतात ते ऐका. पोरगं रात्री उशिरा आलं, बाप बोलायला लागला की पोरगं म्हणते, "बाबा, भाषण नका देऊ न आता." बायको नवऱ्याला म्हणते, "झालं भाषण? मंग दळण आणा." थोडं कॉलेजात गेलेलं असेल तर लेक्चर झाडू नको म्हणते. आणि एकट्या भाषणाचीच ही गत नाही. "काय पुराण लावलं", "कीर्तन बंद कर तुझं", "प्रवचन झोडून राहिला", "एवढं रामायण कशाला सांगतं", "भारूड नको लावू". म्हणजे बघा, मराठीत चार लोकांपुढं बोलायचे जेवढे म्हणून मानाचे प्रकार होते ते सगळेच्या सगळे आपण घरात टोमणे म्हणून वापरतो. त्यातल्या त्यात "बोलणं" हा एक शब्द अजून स्वच्छ राहिला. भावाभावात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं की म्हातारी माणसं म्हणतात, बसून बोलून घ्या रे. भाषण करून घ्या असं कोणी म्हणत नाही. खरं तर मुळात भाषण म्हणजे तरी काय, नुसतं बोलणंच. भाषा, संभाषण, सुभाषित ही सगळी एकाच घरची मंडळी. यातला एकटा भाषणच वाया गेला.

आणि त्याच्यासोबत लागणारी क्रियापदं पाहिली का कधी? भाषण ठोकलं, भाषण झोडलं, भाषण हाणलं. पेपरात पाहाल तर तोफ धडाडली, तोफ डागली, मैदान मारलं, सभा गाजवली. सगळी भाषा मारझोडीची. तूर झोडतात तेव्हा निदान दाणा तरी खाली पडते.

तर भाषण बदनाम झालं म्हणून आयोजकांनी मार्गदर्शन आणलं. आता तेही नासायला लागलं, पानठेल्यावर "साहेबांनी लय मार्गदर्शन केलं बा" असं कोणी म्हटलं की बाकीचे हसतात. म्हणून हल्ली संवाद आला आहे. संवाद मेळावा, संवाद यात्रा, थेट संवाद. त्यात एक जण दीड तास बोलते आणि बाकीचे ऐकतात. दोघं बोलले तर तो संवाद हे चौथीतल्या पोराला माहीत असते, त्याच्या पुस्तकात तसे धडेच असतात, पण ज्यांच्या नावाचे बॅनर लागतात त्यांना ते कोण सांगेल.

माझा खरा राग मार्गदर्शनावर आहे. भाषण करणाऱ्याला तुम्ही म्हणू शकता की तुमचं म्हणणं पटलं नाही. टाळ्या नाही वाजवल्या तरी चालते, मधात उठून प्रश्न विचारला तरी तो अपमान होत नाही, भाषणाला उत्तर म्हणून दुसरं भाषण करता येते. पण मार्गदर्शन म्हटलं की एक जण वाट माहीत असलेला आणि समोरचे सगळे वाट चुकलेले हे आधीच ठरून जाते. वाट चुकलेल्यानं काय विचारायचं? त्यानं आभार मानायचे. म्हणूनच प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभार प्रदर्शन असते आणि प्रश्नोत्तरं नसतात. वीस-बावीस वर्षांचा पदाधिकारी, ज्यानं आयुष्यात एकदाही डवरा धरला नाही, तो सत्तर वर्षांच्या शेतकऱ्यांना शेतीवर मार्गदर्शन करते आणि म्हातारे मुंडासं सावरत ऐकत बसतात. त्यानं तिथं भाषण करावं, खुशाल करावं, त्याचा हक्क आहे. पण मार्गदर्शन?

"दोन शब्द" हा आणखी एक प्रकार. "आता साहेब आपल्याला दोन शब्द सांगतील." साहेब उठतात आणि पहिलं वाक्य, मी काही फार वेळ घेणार नाही. दुसरं, खरं म्हणजे मला बोलायचं नव्हतं. तिसरं, माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे. इथं थांबले असते तर माणूस देव झाला असता, पण नाही, मग मंचावरच्या सगळ्यांची नावं घेणं सुरू होते, आणि एखादं राहिलं तर मागून चिठ्ठी येते. ही सवय लागते कुठं तर शाळेत. पंधरा ऑगस्टला पहिलीतलं पोरगं उभं राहते, हात शिवून घेतल्यासारखे बाजूला, आणि एका दमात: "अध्यक्ष महोदय पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." मध्ये काय बोललं ते त्यालाही माहीत नसते, बाईंनी लिहून दिलेलं असते. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो". पोरगं गोड दिसते, सगळे टाळ्या वाजवतात, माझाही विरोध नाही. पण दहावीपर्यंत कोणी त्याला असं सांगतच नाही की बाबू, तुला काय वाटते ते बोल, आणि बोलून झाल्यावर समोरचे तुला विचारतील. मग तेच पोरगं मोठं होऊन एक तर माईकला घाबरते नाहीतर माईक सोडत नाही. मधला प्रकार आमच्या इकडे कमीच.

बातम्यांचंही तसंच. तालुक्याच्या पानावर रोज एक बातमी असते: शेतकऱ्यांनी आधुनिक शेतीची कास धरावी, असे प्रतिपादन अमुक यांनी केले, तमुक येथे आयोजित मेळाव्यात ते बोलत होते, यावेळी त्यांनी उपस्थितांना मौलिक मार्गदर्शन केले. पुढं मंचावरची वीस-पंचवीस नावं, संचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, यशस्वितेसाठी अथक परिश्रम कोणी घेतले. ते मौलिक मार्गदर्शन होतं काय, ते शेवटपर्यंत समजत नाही. कास कशी धरायची हेही नाही. वार्ताहराला दोष देऊन उपयोग नाही, त्या बिचाऱ्याची वेगळीच गोची आहे, एखादं नाव राहिलं तर सकाळी सहा वाजता फोन येते आणि मुद्दा राहिला तर कोणाचाच येत नाही.

मागच्या हंगामात आमच्या तालुक्यात कापूस उत्पादकांचा एक मेळावा होता, मी गेलो होतो. वेळ अकराची, सुरू झाला दीडच्या सुमारास, कारण उद्घाटक दुसऱ्या गावात एक उद्घाटन करून येणार होते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल श्रीफळ, हल्ली नारळाऐवजी रोपटं देतात तर रोपटं, एकेक नाव पुकारायचं, एकेकानं उठायचं, फोटोवाल्याकडे पाहायचं. मागच्या मंडपात आलुवांग्याच्या भाजीला फोडणी पडली तसा वास यायला लागला आणि लोक चुळबुळ करायला लागले. एक मार्गदर्शक कापसाच्या जागतिक बाजारपेठेवर बोलले. दुसरे त्यांच्या पक्षाच्या इतिहासावर. मधात माझ्या मागच्या रांगेतले एक काका उभे राहिले, म्हणाले, "साहेब, बारा टक्क्याच्या वर ओलावा निघाला का खरेदीवाले गाडी वापस करते. गाडीचं भाडं कोन देते? आन् ते मशीन बराबर हाय का नाही हे कोन पाह्यते?" सगळ्या मांडवात जिवंत झालेला तो एकच क्षण. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरून भाव ठरते, वर गेला तसा कापला जाते आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत, म्हणजे काकांचा प्रश्न नेमका तिथला होता जिथं शेतकऱ्याचा पैसा जाते. सूत्रसंचालक म्हणाला, "काका, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी काय झालं हे तुम्ही ओळखलंच असेल. वेळेअभावी. आभार. भोजनाची व्यवस्था केलेली आहे, कोणीही जेवण केल्याशिवाय जाऊ नये. काकांनी बुंदी वाढून घेतली आणि गप्प जेवले.

आता याच्या उलट सांगतो. त्याच वर्षी ऑगस्टात एक कृषी सहायक आमच्या शिवारात धुऱ्यावर उभा राहून बोलला. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं इकडे कसा कापूस खाल्ला ते सगळ्यांना आठवते, त्यामुळे लोक आले होते. त्यानं एक फूल तोडलं, न उमललेलं, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या झालेल्या, आपण त्याला डोमकळी म्हणतो, आणि अंगठ्यानं हळूच ते उघडून आत बसलेली बारीक अळी दाखवली. सगळे वाकले. मग म्हणाला, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडतात तो) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की समजा फवारायची वेळ आली, त्याच्या आधी उगाच पैसे ओतू नका. तेवढ्यात एक जण म्हणाला सापळ्यातली गोळीच बोगस निघते, दुसरा म्हणाला बाजूच्यानं सापळे लावले नाही तर माझ्या लावून काय फायदा, त्यावर चांगली खडाजंगी झाली आणि तो पोरगा प्रत्येकाला उत्तर देत राहिला, एकदोन ठिकाणी म्हणाला हे मी विचारून सांगतो. त्याला कोणी शाल दिली नाही. पत्रिका नव्हती, अध्यक्ष नव्हता. पण सार्वजनिक भाषण म्हणतात ते हेच, लोकांच्या कामाचं, लोकांसमोर, आणि लोकांना मधात तोंड घालता येते असं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ शिवार फेरी घेते त्यात हेच चांगलं आहे की शेतकरी वाफ्यापाशी उभा राहून विचारू शकते, खुर्चीतून नाही.

काही जण म्हणतात, मग बंदच करा ना भाषणं, लोक कंटाळले. मंडपवाले, डीजेवाले, नव्या दमाचे कार्यकर्ते सगळे हेच सांगतात की लोकांना भाषण नको, कार्यक्रम पाहिजे, ऑर्केस्ट्रा ठेवा, पैठणीचा खेळ ठेवा, लकी ड्रॉ ठेवा. मला हे अजिबात पटत नाही. विदर्भातल्या माणसानं तर असं म्हणूच नये, कारण हा मुलूख ऐकून ऐकून शहाणा झालेला आहे. शेणगावचे गाडगेबाबा, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. ते कीर्तन म्हणजे सगळे प्रश्नच प्रश्न. बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न, आणि असं करत करत देवापुढं कापलेला बकरा, लग्नापायी काढलेलं कर्ज, दारू, शिवाशीव हे सगळं लोकांच्याच तोंडून बाहेर पडायचं. कीर्तनाला शिवी बनवणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. तुकडोजी महाराजांची खंजिरी तीच, आजही अकोट भागातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या घेऊन लोकांना हसवत हसवत जे ऐकवतात ते प्रबोधन या शब्दाला शोभते, बॅनरवरच्या प्रबोधनाला नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी 15 तारखेला त्यांनी भाषण केलं. काय करायची गरज होती? दीक्षा तर झाली होती, लोक त्यांच्या शब्दावर जीव टाकणारे होते. पण लोकांच्या मनात प्रश्न होता की या कामाला नागपूरच का निवडलं, कोणी म्हणत होतं संघाला खिजवायला निवडलं, तर त्यांनी आधी त्या प्रश्नाला हात घातला, असं नाही म्हणून सांगितलं, नाग लोकांचा इतिहास सांगितला, कारणं दिली. ज्यांच्या एका इशाऱ्यावर माणसं चालली असती त्यांनी कारणं दिली. मार्गदर्शन करणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही, भाषण करणाऱ्याला द्यावं लागते, माझा सगळा लेख खरं तर एवढाच आहे.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची सभा आठवणारे लोक अजून आमच्या गावोगावी आहेत. "शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो" इथून सुरुवात, आणि पुढं सगळा हिशोब. एक क्विंटल पिकवायला खर्च किती, हातात किती आले, मधले कुठं गेले. आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेला माणूस, पण खाली बसलेल्याला अडाणी समजून बोलत नव्हता. पटलं नाही असे लोकही होते, पुढं त्यांचे विचार सोडून गेलेलेही खूप, तो भाग वेगळा. आणि प्रवचन म्हणाल तर पवनारचे विनोबा 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीता सांगायचे, समोर बसून साने गुरुजी लिहून घ्यायचे, त्याला प्रवचनंच म्हणतात. चोरी दरोड्यातले नाही, सत्याग्रहातले कैदी असतील, तरी कैदीच ते, उठून जाता येत नव्हतं, पण म्हणून विनोबांनी त्यांना झोडलं नाही.

आणि फक्त मोठ्या माणसांचंच कशाला घेता. पोळ्याला आमच्या इकडे तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. ज्याला सुचते तो पुढं येते, चार-सहा ओळी खणखणीत म्हणते, शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव", सगळे ओरडतात, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं त्याला उत्तर येते. त्यात सरपंच येते, सावकार येते, कापसाचा भाव येते, सोयाबीनचा येते, मंत्री पण येतात. जो वर्षभर कुठं तोंड उघडत नाही असा सालगडीसुद्धा त्या दिवशी पाटलासमोर पाटलावर झडती म्हणू शकते. हे भाषण नाही तर काय आहे? छोटं, मुद्द्याचं, सगळ्या गावासमोर, आणि उत्तराला मोकळं. पण आता पोळ्यातही मंच आला. तोरणाच्या बाजूला मंडप, त्यात खुर्च्या, उत्कृष्ट बैलजोडीला बक्षीस, त्याआधी मान्यवरांचं मनोगत. बैल उन्हात उभे, झडत्या दोन-तीन होतात न होतात तर माईकवरून घोषणा, की शांतता राखा, साहेब बोलणार आहेत. झडतीवाल्याला गप्प करून साहेबांना बोलवायचं, याच्यापेक्षा उलटं चित्र मी तरी पाहिलं नाही.

शब्द बदलून काही होतच नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. आंबेडकरी आणि सत्यशोधकी कार्यक्रमांमध्ये व्यासपीठ न म्हणता विचारपीठ म्हणतात, तो बदल मुद्दाम केलेला आहे, त्याच्यामागं भूमिका आहे आणि ती विचारली तर कोणताही कार्यकर्ता सांगते. विहारात धम्मदेसना असते, मशिदीत बयान किंवा तकरीर असते, त्या त्या जागी ते ते शब्द नेमके आहेत, काय ऐकायला चाललो हे माणसाला माहीत असते. मार्गदर्शन या शब्दामागं तशी काही भूमिका असेल तर मला कोणी सांगावी. नुसतं भारदस्त वाटते म्हणून लावलेला शब्द आहे तो.

लग्नातल्या भाषणांबद्दल लिहीत नाही, एकच सांगतो, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पाऱ्यात नवरदेव घामानं भिजून उभा, मुहूर्त टळून गेला, आणि मंगलाष्टकाच्या आधी कोणी तरी वधूवरांना आशीर्वादपर मार्गदर्शन करून राहिलं, हे ज्या समाजात चालते त्या समाजाला कोणीच वाचवू शकत नाही.

आता ग्रामसभेवर येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. वरचे सगळे कार्यक्रम झाले काय न झाले काय, कोणाचं काही अडत नाही. पण गावातला साधा मतदार जिथं उठून बोलला आणि त्याचं बोलणं कागदावर चढून सरकारला मानावं लागलं अशी जागा एकच, ती ग्रामसभा. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली तेव्हा ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, आणि आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कोरमसाठी गावातले 15 टक्के मतदार किंवा 100, जो आकडा कमी असेल तो. आणि प्रत्यक्षात काय होते? कोरम भरत नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी दहा-पंधरा लोकांत सगळं मंजूर. शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना फिरते. जे लोक आले त्यांच्यासमोर ग्रामसेवक, आता म्हणे त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, योजनांची यादी वाचतात, विस्तार अधिकारी आले असतील तर ते मार्गदर्शन करतात, आणि शेवटी लिहिलं जाते, "सर्वानुमते मंजूर". सूचक कोण, अनुमोदक कोण, हे कधी कधी सूचकालाच माहीत नसते.

त्याच वेळी चौकातल्या पानठेल्यावर घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव कसं घुसलं, नालीचं सिमेंट कुठं गेलं, रोजगार हमीच्या मस्टरवर कोण मेलेला माणूस कामाला आहे, सगळं बारीकसारीक चालू असते. आकड्यासकट. म्हणजे गावात बोलणारे नाहीत असं नाही, मुद्देसूद बोलणारे आहेत, पण ते ठेल्यावर बोलतात, आणि सभेत बोला म्हटलं तर म्हणतात, "आपल्याले काय भाषन करता येते का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. भाषण म्हणजे मोठ्यांचं काम, आपलं काम ऐकायचं, हे डोक्यात बसलेलं. भाषण शब्द पत्रिकेतून हाकलला आणि सामान्य माणसाच्या तोंडातूनही गेला, आता तो म्हणते मी काही मार्गदर्शक नाही, मी कशाला बोलू. बरोबरच आहे त्याचं.

कोणी म्हणेल गावात असं होऊच शकत नाही. तर गडचिरोलीतलं मेंढा पाहून या, लेखा-मेंढा म्हणतात ते. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", गोंडीत "मावा नाटे मावा राज". तिथं ग्रामसभेत हात वर करून बहुमत मोजत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, नाही झालं तर पुढच्या सभेत पुन्हा बोलतात. अभ्यासगटात आधी विषय समजून घेतात, बाहेरचा माणूस आला तरी तो माहिती द्यायला येते, निर्णय द्यायला नाही. 2009 साली त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पुढं आपला बांबू आपण विकण्यासाठी ते गाव सरकारशी भांडलं आणि 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कोणत्या तरी मोठ्या वक्त्याच्या सभेनं हे झालं नाही, बसून बसून बोलल्यानं झालं. आमच्या मैदानी गावांमध्ये जाती आहेत, पार्ट्या आहेत, एका समाजाचं गाव नाही, त्यामुळे तिथलं इथं जसंच्या तसं येणार नाही हे मलाही समजते. पण कोणी बोलूच नये इतकंही काही वेगळं नाही आमचं.

बायांचं तर विचारूच नका. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे, ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. महिला सरपंच असेल तर मंचावर खुर्ची तिची आणि माईक तिच्या नवऱ्याचा. पण त्याच बाया बचत गटाच्या मिटिंगमध्ये पाहा, कोणाकडे किती हप्ता थकला, व्याज किती, का थकला, सगळं तोंडपाठ आणि स्पष्ट. आणि दारूच्या दुकानाविरुद्ध आडवी बाटली करायची वेळ येते तेव्हा याच बाया अधिकाऱ्यासमोर असं बोलतात की त्याला पाणी प्यावं लागते. त्यांना कोणी वक्तृत्व शिकवलं नाही. त्यांना विषय आपला वाटला.

म्हणून मला काही फार मोठं नको आहे. ग्रामसभेत मार्गदर्शन हा विषयच अजेंड्यावर नको, माहिती द्यायची तर द्या, पंधरा मिनिटात, छापून आधी वाटा, मग लोकांनी बोलायचं आणि मंचावरच्यांनी ऐकायचं आणि उत्तर द्यायचं, आणि जो जे बोलला ते त्याच्या नावासकट प्रोसिडिंगात उतरायला पाहिजे, "विविध विषयांवर सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य लिहायला बंदी. मेळाव्याच्या पत्रिकेत प्रत्येकाच्या नावापुढं तो किती वेळ भाषण करणार ते छापा, आणि तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवा, वक्ता प्रश्नांना थांबणार नसेल तर त्याला बोलवू नका, त्याचा शुभेच्छा संदेश वाचून दाखवा, तो तसाही कोणी ऐकत नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला पाठ केलेल्या दहा भाषणांच्या जागी तीन पोरांना स्वतःचं बोलू द्या आणि बाकीच्या पोरांना त्यांना विचारू द्या.

गोंधळ होईल म्हणतात. होईल ना. कोणी आपली जुनी खुन्नस काढेल, कोणी दारू पिऊन येईल, कोणी एकच मुद्दा चार वेळा सांगेल. पण साहेबही एकच मुद्दा चार वेळा सांगतात, त्याला कोणी गोंधळ म्हणत नाही. दुसरी अडचण सांगतात की माईक मंचावर असते, वायर खालपर्यंत पुरत नाही. कॉर्डलेस माईक तालुक्याच्या मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळते, शाल-श्रीफळाच्या खर्चात दोन येतील.